मोयाच्या ओकारीतलं माझं पान

मी बोलतेय, खिडकीतल्या रंगाच्या जुन्या डब्यात लावलेलं एक रोप. तुमच्या गॅलरीतही माझी एखादी बहीण टांगलेली असेल, पानांवर पांढरे पट्टे असलेली. तुम्ही तिला स्पायडर प्लांट म्हणता. मला पट्टे नाहीत, मी रानातली, नुसती हिरवी. आमच्याकडच्या बायका मला कोंबडी-पिल्लं म्हणतात, कारण माझ्या अंगातून लांब दांडे फुटतात आणि त्यांच्या टोकांना माझी पिल्लं लोंबत असतात.

माझा जन्म तुमच्यापासून दूर, समुद्रापारच्या म्तामवुना नदीच्या घळीतला. वर उंच झाडं, खाली ओला दगड, मधे मी. तिथून मला एका बाईने हाताने उकरून काढलं. तिची मुलगी नोखान्यो पहिल्यांदाच गरोदर होती आणि सासरी निघाली होती. आमच्या मपोंडो लोकांत गरोदर बाईच्या खोलीत मला ठेवतात. माझी मुळं पाण्यात बुडवून ते पाणी तिला रोज घोटभर प्यायला देतात. त्याने आईचं आणि बाळाचं रक्षण होतं म्हणतात. होतं की नाही, मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की नोखान्यो रोज सकाळी माझ्यासमोर बसून ते पाणी प्यायची तेव्हा तिचा चेहरा निवायचा.

सासरचं घर बिझाना गावाच्या पुढे, डोंगराच्या उतारावर होतं. नवरा दूर रुस्टेनबर्गच्या खाणीत. घरात सासू आणि सून, दोघीच. सासूला सगळे तिच्या माहेरच्या कुळावरून माजोला म्हणत. उंच, ताठ बाई, आवाज एकदम कणखर. आणि तिसरी मोया. मोया म्हणजे वारा. राखाडी रंगाची मांजरी. माजोलाचा नवरा गेला त्याच महिन्यात ती डोळेही न उघडलेली कुंपणाशी सापडली होती. माजोलाने तिला कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवलं. तेव्हापासून मोया तिच्या पायांत आणि ती मोयाशी बोलण्यात. सुनेशी दिवसात दहा वाक्यं बोलणारी माजोला मांजराशी शंभर बोलायची.

माझं आणि मोयाचं नातं सांगायला हवं. मोया माझी पानं खायची. का, ते विचारू नका. माझ्यात काहीतरी आहे, मांजरांना मला पाहून राहवत नाही. लोंबणारी पिल्लं पंजाने झुलवायची, मग एखादं पान दातांत धरून कुरतडायचं. जास्त खाल्लं की चटईवर ओकायचं आणि काही झालंच नाही अशा तोऱ्यात उन्हात जाऊन बसायचं. तेवढंच.

पण चटई माजोलाची होती.

"सूनबाई, तुझ्या आईने पाठवलेलं हे गवत एक दिवस माझ्या मांजराचा जीव घेणार आहे," ती म्हणायची.

"वर टांगते, आई," नोखान्यो म्हणायची. आणि खरंच टांगायची. मोया खिडकीच्या कट्ट्यावर चढून तिथेही पोचायची.

फेब्रुवारीतली गोष्ट. शेतात मका माणसाच्या डोक्यावर गेलेला. नोखान्योला सातवा महिना. बुधवारी दुपारी नणंद आली. बुलेल्वा तिचं नाव, पोर्ट शेपस्टोनला एका दुकानात गल्ल्यावर असायची. टॅक्सीतून उतरून ती घरापर्यंत चालत आली आणि येताना रस्त्याच्या कडेची फुलं तोडून आणली. उंच देठ, पांढरी लांब कर्ण्यासारखी फुलं, बाहेरून जांभळट छटा. या दिवसांत आमच्या रस्त्यांवर ही लिली रानासारखी माजते. वास असा, की खोली भरून जाते.

"घरात सुतक असल्यासारखं काय बसलायत दोघी? घ्या, वास घ्या," बुलेल्वा म्हणाली आणि फुलं इनॅमलच्या भांड्यात घालून टेबलावर ठेवली.

मी खिडकीतून बघत होते. नोखान्योने वाकून वास घेतला आणि हसली. बुलेल्वाच्या पांढऱ्या पोलक्यावर फुलांतली नारिंगी धूळ लागली होती. ती झटकायला गेली तर आणखीच पसरली. "हा डाग जात नाही बघ," ती चिडून म्हणाली आणि आत साबण शोधायला गेली.

तिघीजणी मागच्या अंगणात चहाला बसल्या, तेव्हा मोया टेबलावर चढली. फुलांच्या भांड्याला अंग घासत गेली. तिच्या पाठीवर, कानामागे, मिशांवर तीच नारिंगी धूळ. मग तिने भांड्यात तोंड घालून पाणी प्यायलं. मग खुर्चीवर बसली आणि मांजरं करतात तशी शिस्तीत अंग चाटून साफ करू लागली. आधी पंजा, मग कान, मग पाठ.

मी सगळं पाहिलं. त्यात काय धोका आहे हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. नंतर सवयीने मोया माझ्याकडे आली आणि माझं एक लांब पान खाऊन गेली. त्या पानाने माझा घात केला.

दिवेलागणीला ती पहिल्यांदा ओकली. माजोलाने नेहमीसारखं पुटपुटत पुसून काढलं. पण मोया उन्हाच्या जागी गेली नाही. चुलीमागे अंधारात जाऊन बसली, तोंडातून लाळ गळत होती. हाका मारल्या तर कान हलवायची, उठायची नाही.

सकाळी ती पाण्याच्या वाटीशी होती. पीत होती, थांबत होती, पुन्हा पीत होती. पाय थरथरत होते. माजोलाने तिच्यापुढे आंबवलेलं दूध ठेवलं. तिने वासही घेतला नाही. मग वाटीशेजारीच ती पुन्हा ओकली आणि त्या फेसात माझं पान होतं. लांब, हिरवं, अर्धवट चावलेलं. कुणालाही ओळखू येईल असं.

माजोला ते पान दोन बोटांत धरून उभी राहिली. नोखान्यो झाडू हातात घेऊन दारात थांबली.

"मी सांगितलं होतं की नाही?" माजोला अगदी हळू आवाजात म्हणाली. तिचा मोठा आवाज परवडला असता. "किती वेळा सांगितलं? आईचं रोप, आईचं रोप. तुझ्या आईला माझ्या घरात अजून काय काय पाठवायचंय?"

"आई, ती रोजच खाते..."

"आणि रोजच ओकते. आणि आज मरतेय."

बुलेल्वा अंथरुणातून उठून आली. "वहिनी, माणसाच्या पोटाला चालतं ते मांजराला चालेलच असं नाही ना. तेवढी अक्कल हवी."

नोखान्यो झाडू घेऊन खाली वाकली. आमच्याकडे नवी सून सासूला उलट बोलत नाही, आणि नणंदेला तर नाहीच.

माजोलाने मला खिडकीतून ओढलं. वरची दोरी तुटली, दोन पिल्लं खोलीतच पडली. ती मला हातात घेऊन मागे गेली आणि उकिरड्यावरच्या राखेत फेकून दिलं. डबा एका बाजूने चेपला. माझी अर्धी मुळं उघडी पडली. राख अजून कोमट होती. डोक्यावर सूर्य चढत होता आणि मला आतून मोयाचं ओकणं ऐकू येत होतं. मला स्वतःची भीती वाटत होती. मीच केलं असेन का, असंही मनात आलं. एवढ्या खात्रीने कुणी दोष दिला की निर्दोष असलेल्यालाही तसं वाटू लागतं.

थोड्या वेळाने नोखान्यो आली. तिने शालीखाली काहीतरी लपवलेलं होतं. आधी तिने माझी मुळं मातीत दाबली. मग हातातलं ओलं फडकं उलगडून उन्हात धरलं. त्याच फडक्याने तिने मोयाचं तोंड पुसलं होतं. फडक्यावर नारिंगी डाग होता. तिने अंगठ्याने घासला, जात नव्हता. ती बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिली.

मग दाराशी जाऊन म्हणाली, "आई, आज गुरांच्या औषधाचा दिवस आहे. न्दाबेनी साहेब हौदावर असतील. त्यांना विचारून येते."

"तो गुरांचा माणूस आहे."

"दुसरं कोण आहे जवळ?"

"या अवस्थेत, या उन्हात टेकडी चढणार?"

नोखान्यो निघाली. मला पिशवीत घेतलं. आणि फाटकाबाहेर पडल्यावर शालीखाली लपवलेलं तेही त्याच पिशवीत ठेवलं. लिलीचं एक फूल. वाटभर आम्ही दोघी शेजारी होतो. तिच्या पाकळ्या माझ्या पानांना लागत होत्या. नोखान्यो दर शंभर पावलांवर थांबून कमरेवर हात ठेवायची, श्वास घ्यायची आणि पुन्हा चालायची.

हौदावर नुसता गोंधळ होता. गोचिडं मारायच्या औषधाचा उग्र वास, एकामागून एक हौदात उड्या घेणारी गुरं, ओरडणारी माणसं. गरोदर सून हातात रोपाची पिशवी घेऊन आलेली पाहून कुंपणावर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "सूनबाई, हे पण बुडवायचंय का? ह्याला किती गोचिडं आहेत?"

माणसं हसली. न्दाबेनी हसला नाही. गुरांच्या सरकारी खात्याचा तो मध्यमवयीन माणूस. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, टोपी घामाने ओली. त्याने नोखान्योला आधी एका उलट्या बादलीवर बसवलं.

"साहेब, खरं सांगा," ती म्हणाली. तिने मला बाहेर काढलं. "हे रोप विषारी आहे का? आमच्या मांजरीने खाल्लंय. ती मरायला टेकलीय. आणि मीही रोज ह्याच्या मुळांचं पाणी पिते."

त्याने माझं एक पान बोटांवरून फिरवलं. मी इतकी घाबरले होते की वारा नसताना थरथरले असेन.

"हे? माझ्या घरात आहे हे. माझी मांजर रोज ह्याचा फडशा पाडते. जास्त खाल्लं तर ओकते, पोट हलकं झालं की पुन्हा खायला तयार. ह्याने मांजर मरत नाही, बाई. घाबरू नका."

नोखान्योने डोळे मिटले. तिथेच ती उठून घरी जाऊ शकली असती. मी सुटले होते, तीही सुटली होती. सासूला जाऊन सांगायचं, साहेब म्हणाले रोप निर्दोष आहे. पुढे मांजराचं नशीब. दुसरी गोष्ट विचारली तर नणंदेचं नाव निघणार होतं, आणि सुनेने नणंदेकडे बोट दाखवलं की ते बोट जन्मभर कुणी विसरत नाही.

तिचा हात पिशवीत गेला आणि तिथेच थांबला. मग तिने फूल बाहेर काढलं.

"आणि हे?"

न्दाबेनीचा चेहरा बदलला. "हे घरात होतं?"

"टेबलावर. भांड्यात."

"कधीपासून?"

"काल दुपारी तीनपासून. मांजरीच्या तोंडावर ही धूळ होती."

त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. नऊ वाजत आले होते. "मुततेय का ती? सकाळपासून मुतली?"

"हो. पाणी खूप पितेय."

"मुततेय तोवर आशा आहे. ही लिली मांजराची मूत्रपिंडं बंद पाडते. फूल, पान, धूळ, भांड्यातलं पाणीसुद्धा. चाटली तरी पुरतं. नीट ऐका. घरी गेल्यावर पहिल्यांदा तिचं अंग कोमट पाण्याने धुवायचं, एकही कण राहता कामा नये. टॉवेलात गुंडाळायची, चाटू द्यायची नाही. आणि सरळ कोकस्टॅडला. मी तिथल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन करतो. सलाइन लावावं लागेल. दुपार झाली तर जाऊ नका म्हणेन मी, उपयोग नाही."

त्याने हौदाकडे पाहिलं. अजून निम्मी गुरं बाकी होती, त्याला सुटता येत नव्हतं. तेव्हा कुंपणावरचा तो थट्टेखोर म्हातारा खाली उतरला. "माझी गाडी आहे," तो म्हणाला. "चल पोरी."

घराशी गाडी थांबली तेव्हा माजोला दारात होती, मोया तिच्या शालीखाली. बुलेल्वा मागे उभी. मी गाडीत, पुढच्या सीटखाली पिशवीतच राहिले होते. दार उघडंच होतं, सगळं दिसत होतं.

"काय म्हणाला गुरांचा डॉक्टर? गवतच ना?"

"आई, बोलायला वेळ नाही. मोयाला आंघोळ घालायचीय."

"आधी सांग."

नोखान्यो गुडघ्यांवर बसली. त्या पोटाने बसणं सोपं नव्हतं. तिने ते फूल सासूच्या पायाशी ठेवलं.

बुलेल्वा पुढे आली. "म्हणजे? आता माझ्या फुलांवर ढकलतेयस? आपलं रोप वाचवायला?"

"ताई, तुम्हाला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मीही वास घेतला ना काल." नोखान्योने मोयाकडे हात केला. "मोयाच्या तोंडावर जो डाग आहे, तोच तुमच्या पोलक्यावर आहे. बघा."

बुलेल्वाने मान खाली घालून स्वतःच्या पोलक्याकडे पाहिलं. मग आईच्या शालीतल्या मांजरीकडे.

मला वाटलं, आता माजोला गरजणार. सुनेवर की लेकीवर, एवढाच प्रश्न. पण तिने मोयाच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि बोट उन्हात धरून पाहिलं.

"पाणी तापव, बुलेल्वा," ती म्हणाली. "दोष कुणाचा ते परत आल्यावर. आत्ता टॉवेल माझा आणि मांडी तुझी."

धुताना मोया ओरडली नाही, हेच वाईट होतं. पाण्याला घाबरणारी मांजर निमूट बादलीत उभी राहिली. मग तिघं गाडीत बसली, म्हातारा, माजोला, आणि टॉवेलातलं गाठोडं मांडीवर घेतलेली बुलेल्वा. नोखान्योला जागा नव्हती. ती फाटकाशी उभी राहिली. मी सीटखाली आहे हे कुणाच्या लक्षात नव्हतं.

दीड तासाची वाट. रस्त्याला खड्डे, मधेच गायी आडव्या. दोन्ही कडांना तीच पांढरी फुलं, मैलच्या मैल, वाऱ्यावर माना डोलावत. माजोला खिडकीबाहेर बघत होती. एकदा मोयाने अंगाला पीळ दिला आणि मग बराच वेळ हलली नाही.

"आई," बुलेल्वा म्हणाली, "आई, मला काहीतरी बोल ना."

"काय बोलू? सकाळी तुझ्या वहिनीलाच सगळं बोलून संपवलं. आता उरलं नाही."

एका खड्ड्यात गाडी उसळली आणि मी सीटखालून माजोलाच्या पायावर आदळले. तिने वाकून पाहिलं.

"हे इथे कसं?" बुलेल्वा म्हणाली. "टाकू बाहेर?"

माजोलाने आपले दोन्ही पाय जवळ घेतले आणि चेपलेला डबा घोट्यांच्या मधे घट्ट धरला. कोकस्टॅड येईपर्यंत मी एकदाही कलंडले नाही.

डॉक्टरीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी गाठोडं घेतलं आणि आत गेल्या. मायलेकी दुपार कलल्यावर रिकाम्या हातांनी बाहेर आल्या. सलाइन लावलं होतं, तीन दिवस काही सांगता येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. परतीच्या वाटेवर बुलेल्वा रडली. म्हातारा म्हणाला, "रड, रड. मी पण एकदा गाढवाला घुशीचं औषध खाऊ घातलं होतं. पेंड समजून." माजोलाला हसू आलं आणि हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

संध्याकाळी घर आलं. नोखान्यो फाटकाशीच होती. माजोला मला छातीशी धरून उतरली. तिने माफी मागितली नाही. आमच्याकडे सासवा मागत नाहीत, आणि मागितली असती तर नोखान्यो लाजेने मेली असती.

"तुझ्या आईचा डबा गाडीत राहिला होता," ती म्हणाली. "चेपलाय. उद्या ठोकून सरळ करते. तू दिवसभरात काही खाल्लंस का?"

नोखान्योने नकारार्थी मान हलवली. माजोला आत गेली, स्वतः मक्याची उसळ गरम केली आणि ती संपेपर्यंत तिच्यासमोर बसून राहिली.

मोया वाचली. सोमवारी आली तेव्हा सलाइनसाठी पुढच्या एका पायावरचे केस कापलेले, अंगाचा सांगाडा झालेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूत्रपिंडं पुरती सावरणार नाहीत. आजही ती खूप पाणी पिते, उंच उडी मारत नाही. माजोलाने घरात तिच्यासाठी चार ठिकाणी वाट्या ठेवल्या आहेत आणि त्या भरलेल्या आहेत का ते बुलेल्वा फोनवरून विचारते. एप्रिलमध्ये नोखान्योला मुलगी झाली.

मी आता जुनी झाले. दोनदा कुंडी बदलली. माझी पिल्लं या डोंगरावरच्या बऱ्याच घरांत गेली. माजोला स्वतः देते. पण देण्याआधी मागणारीला ओट्यावर बसवते आणि चौकशी करते, घरात मांजर आहे का, टेबलावर कुठली फुलं ठेवता, नाव माहीत आहे का त्यांचं. बायका कंटाळतात. दोघीतिघी रोप न घेताच गेल्या.

त्या पांढऱ्या फुलांचा मला राग नाही. त्यांना कुणी घरात यायचंय का म्हणून विचारलं नव्हतं. आपल्या धुळीत काय आहे हे त्यांनाही ठाऊक नसेल. आम्हा झाडांना तोंड नाही, आमचं बोलणं तुम्हालाच करावं लागतं. मी तर अगदी साधू आहे असंही मी म्हणत नाही. मला पोटभर खाल्लं तर मांजर ओकेल, चटई तुमचीच खराब होईल. तरी मला थोडं उंचावर टांगा.

एकच सांगणं आहे. जे फूल घरात आणाल त्याचं नाव आधी विचारा, जाणत्या माणसाला विचारा. आणि मांजर आजारी पडलंच तर ज्याच्यावर पहिला राग येतो त्याच्यावर दोष ठेवून मोकळे होऊ नका. हातातलं फडकं उन्हात धरून बघा. घड्याळ बघा. मग निघा, चालत निघावं लागलं तरी.

आत्ता दुपार आहे. मोया कट्ट्यावर आली आहे. उडी जमत नाही म्हणून खुर्चीवरून, मग पेटीवरून, अशी टप्प्याटप्प्याने. माझ्या एका पानाचं टोक तिने दातांत धरलंय. धरू दे.